‘जाहला’ म्हणजे काय, टीचर?

“टीचर, ‘जाहला’ म्हणजे काय?”

विचारणारी मुलगी अकरावीतली. पाचच मिनिटांपूर्वी तिनं हिब्रू प्रार्थनेचं एक पान उजवीकडून डावीकडे एका दमात वाचून दाखवलं होतं, अक्षरांखालच्या टिंबांसकट, कुठेही न अडखळता. आता पुढ्यात मराठी वही होती आणि ती पहिल्याच ओळीत अडली होती. वही तिच्या पणजोबांच्या हातची. निळी शाई कडेनं तपकिरी पडलेली, अक्षर गोल आणि ठसठशीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी दुहेरी दंड. योसेफ बंदिवान जाहला, असं तिथं लिहिलेलं होतं.

“जाहला म्हणजे झाला,” मी म्हटलं.

“मग ‘झाला’ असंच का नाही लिहिलं?”

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. तरी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना. साकी या छंदाच्या मात्रा भरायच्या असतात, हे एक कारण. दुसरं असं, की कीर्तनकाराच्या तोंडची भाषा त्यानं पोथ्यांतून, देवळातल्या निरूपणांतून, शेजारच्या अंगणातून उचललेली असते, आणि ती उचलताना तो मोठा ठेवा हाती घेत असतो. पहिलं कारण मी तिला त्याच दिवशी सांगितलं. दुसरं सांगण्यात वर्ष गेलं.

मी त्या वर्गात गेले ती शेजारच्या मावशींमुळे. मावशी आमच्याच मजल्यावर राहतात, ठाण्यात. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचं मूळ गाव पेणकडचं. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी नळी आहे, मेझुझा. आत तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, ओळी लिहिलेली गुंडाळी असते आणि येता-जाता तिला बोट लावून ते बोट ओठांना लावायचं असतं. मी वर्षानुवर्षं ते पाहत आले होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दिवे लागले की मनुकांच्या शरबताचा वास जिन्यापर्यंत येतो हेही माहीत होतं. काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, आणि द्राक्षरसाच्या जागी त्या शरबतावर किद्दूशचा आशीर्वाद म्हणायचा. कोकणातल्या खेड्यात द्राक्षाची वाइन कुठून आणणार? म्हणून मनुका. एवढं सगळं माहीत असूनही मला काहीच माहीत नव्हतं, हे ती वही घरी आली तेव्हा कळलं.

मावशी ती जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधून घेऊन आल्या. म्हणाल्या, “आमची पोरं हिब्रू शिकतायत हो. चांगलं शिकतायत. पण बाबांचं हे कुणालाच वाचता येत नाही. इंग्रजी शाळेतली पोरं. तुम्ही याल का आमच्या रविवारच्या वर्गाला?”

त्यांचे वडील कीर्तन करायचे. ज्यू कीर्तन. माझ्या चेहऱ्यावर जे उमटलं असेल ते बघून त्यांनी वही उघडून पुढे सरकवली. साकी, दिंडी, ओवी, आर्या, पद. समासात लाल शाईनं ‘चाल’ लिहून पुढे जुन्या नाट्यपदांचे पहिले शब्द. आख्यान योसेफाचं: भावांनी विकलेला मुलगा, रक्तात बुडवलेला झगा, तो झगा बघून बापानं, म्हाताऱ्या याकोबानं, केलेला शोक, मग मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, तुरुंग, राजाचं स्वप्न. पूर्वरंग, उत्तररंग, सगळं रीतसर. फक्त सुरुवातीचं नमन गणपती-शारदेला नाही, एका निराकार देवाला.

हे एखाद्या घरापुरतं हौसेचं काम नव्हतं. १८८० च्या सुमाराला मुंबईतल्या काही बेने इस्राएल मंडळींनी कीर्तन ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं, की आपल्या कथा आपल्या बायकामुलांपर्यंत पोचवायला याहून चांगली वाट नाही. त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बेंजामिन सॅमसन अष्टमकर हे त्यांतले प्रमुख कीर्तनकार. अब्राहाम, योसेफ, मोशे, एलिया यांची आख्यानं मराठी छंदांत रचली गेली, छापली गेली, पेटीवर गाइली गेली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही आता तोरातली गोष्ट पाठ होऊ लागली, कारण ती जात्यावरच्या ओवीच्या अंगानं येत होती.

तर मी रविवारी जायला लागले. शाळेच्या वर्गासारखा तो वर्ग नव्हता. ठाण्यातल्या एका हॉलमध्ये दुपारी तीस-पस्तीस माणसं जमायची, सहा वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या आजींपर्यंत. कधी हिब्रू, कधी सणाची तयारी, कधी तोरातल्या त्या आठवड्याच्या भागावर चर्चा, कधी स्वयंपाक. एका रविवारी कुणी जुने फोटो आणले आणि दुपार त्यातच गेली, कारण प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक माणसाचं कुणाशी लग्न झालं आणि ती माणसं आता इस्राएलमध्ये अश्दोदला आहेत की बेरशेबाला, हे सांगून झाल्याशिवाय पुढचा फोटो निघेना. मला तो रविवार सर्वांत आवडला.

हिब्रूच्या तासाला एक भांडण ठरलेलं असायचं. शिकवणारा तरुण इस्राएलमध्ये वर्षभर राहून आलेला. शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला तो म्हणायचा ‘शब्बात’. मागच्या रांगेतल्या आजी म्हणायच्या ‘शब्बाथ’. तो समजावायचा की आजच्या हिब्रूत शेवटचं अक्षर ‘त’च आहे. आजी ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘शब्बाथ’ म्हणायच्या. मग मी जरा लक्ष देऊन सिनेगॉगांच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरांच्या, पाट्या आठवल्या. अलिबागचं मागेन आबोथ. मुंबईचं टिफेरेथ इस्राएल. पुण्याच्या रास्ता पेठेतलं सुक्काथ शेलोमो. सगळीकडे ‘थ’. आजींचा उच्चार चुकीचा नव्हता, तो जुना होता, आणि पाट्यांवर दगडात कोरून ठेवलेला होता. मी हे वर्गात बोलले तेव्हा त्या तरुणानं फळ्यावर दोन्ही उच्चार लिहिले आणि आजींकडे बघून हात जोडले.

या समाजाच्या शिकण्याची गोष्टच मुळात अशी आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. आठवणीत राहिला तो ‘शेमा’, “ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे” ही एक प्रार्थना. शिवाय आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची विश्रांती. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. स्वतःला ते बेने इस्राएल, इस्राएलची लेकरं, म्हणत राहिले.

मग आले दाविद राहाबी. हे नेमके कोण आणि कधीचे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गोष्ट घराघरात एकच आहे. या तेल्यांचा शनिवार पाहून राहाबींना शंका आली. त्यांनी घरच्या बायकांना वेगवेगळे मासे दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. हे आपलेच, राहाबींनी ओळखलं. मला ही गोष्ट ऐकताना दर वेळी वाटतं, समुद्रकाठी राहून पिढ्यान्‌पिढ्या कोळंबी आणि कुर्ल्या न खाणं म्हणजे काय असेल! ग्रंथ नव्हता, गुरू नव्हता, आणि तरी मासळीच्या पाटीपुढे बसलेल्या बाईच्या हाताला ते ज्ञान होतं. राहाबींनी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या तिघांना प्रार्थना आणि विधी शिकवले. तेच पुढे काझी म्हणून गावोगाव फिरू लागले. लग्नं लावायची, सुंता करायची, तंटे मिटवायचे, आणि फिरता फिरता शिकवायचं.

एकोणिसाव्या शतकात दुसरं शिक्षण आलं आणि ते अनपेक्षित दिशेनं आलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी कोकणात आणि मुंबईत मराठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. जुना करार मराठीत आला. हेतू धर्मांतराचा होता, ते लपलेलं नव्हतं. पण बेने इस्राएल मंडळींनी व्याकरण घेतलं, मराठी बायबल घेतलं, आपल्या पूर्वजांच्या कथा पहिल्यांदा सलग वाचल्या, आणि त्यांतले फार थोडे ख्रिस्ती झाले. उलट ते अधिक जाणते ज्यू झाले. कोचीनचे ज्यू शिक्षकही त्याच काळात इकडे येऊन त्यांना प्रार्थना शिकवत होते. पुढच्या पिढीत जोसेफ इझिकेल राजपूरकर उभे राहिले (१८३४ ते १९०५). हिब्रू प्रार्थनेची पुस्तकं त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली, तीच आज माझगावची सर एली कदूरी शाळा. रिबेका रूबेन १९२२ पासून जवळजवळ तीन दशकं तिथं मुख्याध्यापिका होत्या. आज त्या शाळेत ज्यू मुलं अगदी मोजकी आहेत, बाकी आसपासच्या वस्तीतली. मला त्यात काही उणं वाटत नाही. शाळा चालू आहे, पोरं शिकतायत.

पण इथे मी थांबते, कारण मला ज्या गोष्टीनं खरं हलवलं ती वेगळीच. १८७४ मध्ये पुण्यात एक हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे पेसाखच्या रात्री जेवणाच्या ताटाशी बसून वाचायचं पुस्तक, मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कहाणी. त्याआधी १८४६ ला मुंबईत एक निघाली होती, पण पुण्याची सचित्र आहे. हिब्रू मजकूर, त्याला मराठी भाषांतर. चित्रं बहुतेक युरोपातल्या हग्गादांवरून घेतलेली, झगे घातलेले मोशे वगैरे. आणि एका पानावर मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, तयार करणाऱ्या बायका. त्या लुगडी नेसून खाली जमिनीवर बसल्या आहेत.

एका रविवारी हे चित्र मोबाइलच्या पडद्यावर मोठं करून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आजी पुढे वाकल्या. “बैठक बघ तिची,” त्या म्हणाल्या. “असंच बसतो आपण.” मग म्हणाल्या, “आमच्या घरीसुद्धा पेसाखच्या आधी सगळी भांडी कल्हई करून आणायचे. घर सारवायचे. पिठाचा कण राहता कामा नये.” चित्रातली बाई आणि बघणाऱ्या आजी यांच्यात दीडशे वर्षं, आणि आजी तिला एकेरीत ‘बघ तिची’ म्हणत होत्या, चुलतबहिणीबद्दल बोलावं तसं.

सणांच्या नावांवर तर एक अख्खी दुपार गेली. मी सहज विचारलं होतं, घरात सणांना काय म्हणायचे? तरुण मुलं रोश हशाना, योम किप्पूर, पुरीम अशी नावं घेत होती. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हसली आणि मग एकेक नाव बाहेर यायला लागलं. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर चार दिवसांत खिरीचा सण: नारळाच्या दुधातली खीर करायची, धूप घालायचा, शेमा म्हणायचा. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून आत उपास, पांढरे कपडे, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. दुसरा दिवस शिळा सण. पुरीम होळीच्या सुमाराला येतो म्हणून होळीचा सण. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोकदिवस, तिशा ब’आव, त्याचं नाव बिरड्याचा सण, कारण उपास सोडताना पानात वालाचं बिरडं. पेसाखला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे आंबवणीचं मडकं. खमीर आणि आंबलेलं काही त्या दिवसांत चालत नाही, तर ते झाकून ठेवायचं.

मी फळ्यावर लिहीत होते आणि माझा हात थांबला तो ‘बिरड्याचा सण’ लिहिताना. जगातल्या ज्यूंचा सर्वांत मोठा शोक. दोन हजार वर्षांपूर्वी जळालेलं मंदिर. आणि कोकणातल्या एका घरानं तो मोड आलेल्या वालांच्या नावानं लक्षात ठेवला. मंदिराचं नाव विसरलं असेल, सालही विसरलं असेल, पण त्या दिवशी वाल भिजत घालायचे हे कुठलीच सासू सुनेला सांगायला विसरली नाही. वाल सोलता सोलता जे पुढे जातं ते सहजी बुडत नाही.

मुलांनी ती नावं वह्यांत उतरवून घेतली. मी कुणालाही घ्यायला सांगितलं नव्हतं.

मलिद्याचा रविवार. सकाळीच मावशींनी जाडे पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवले होते. मी नारळ खवायला बसले. ओलं खोबरं, साखर, वेलचीपूड, बदाम-काजूचे काप पोह्यांत हलक्या हातानं कालवायचे; पोहा मोडला की चिखल होतो. मोठ्या ताटात तो ढीग, भोवती केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी, आणि वर गुलाब आणि सब्जाची पानं. लग्न असो, बारसं असो, नवस फिटलेला असो, परदेशी निघालेलं कुणी असो, बेने इस्राएल घरात मलिदा होतो आणि एलियाहू हन्नाबीचं, एलिया प्रेषिताचं, नाव घेतलं जातं. सगळे उभे राहतात आणि त्याचं गाणं म्हणतात. मग फळांवर एकेक आशीर्वाद. खजुरावर झाडाच्या फळाचा. केळं हातात घेतलं तेव्हा आशीर्वाद बदलला: तो जमिनीतून उगवणाऱ्याचा.

एका मुलानं विचारलं, केळ्याचं झाड नसतं का?

तरुण शिक्षक नियम सांगू लागला, की ज्याचं खोड दर वर्षी नव्यानं येतं ते धर्मशास्त्राप्रमाणे झाड नाही. आजी मध्येच म्हणाल्या, “अरे, घड उतरला की केळ तोडतात. दुसऱ्यांदा येते का कधी? बाजूनं पिल्लू येतं.” शिक्षक म्हणाला, “तेच. हेच लिहिलंय.” शेकडो वर्षांपूर्वी दूरदेशी कुणी विद्वानांनी वाद घालून ठरवलेला नियम आणि परसातली केळ अशा एका ताटात आल्या. मग सब्जाचं पान चुरगळून नाकाशी धरायचं आणि सुगंधाचाही आशीर्वाद म्हणायचा. सुगंध घेताना देवाचे आभार मानायचे, ही कल्पना मला फार फार आवडली. त्या दिवसापासून सब्जाचं एक रोप माझ्या खिडकीत आहे.

हिवाळ्यात सगळे मिळून अलिबागला गेलो. बस वडखळवरून आत वळली आणि पाट्या सुरू झाल्या. बेने इस्राएलांची आडनावं म्हणजे कोकणचा नकाशाच: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, पेझारकर, झिराडकर, किहीमकर, नागावकर, नवगावकर, वाकरूळकर, दिवेकर. एका मुलानं आपल्या आडनावाचं गाव पहिल्यांदा पाटीवर वाचलं आणि बस थांबवायला सांगितली. ड्रायव्हरनं थांबवलीही. तो पोरगा खाली उतरला, पाटीजवळ उभा राहिला, कुणाला फोटो काढायलाही म्हणाला नाही. परत येऊन खिडकीशी बसला.

अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ १८४८ चं. आत थंडगार. उंचावरून लोंबणारे दिवे, मधोमध चौथरा, समोरच्या कपाटात पडद्याआड तोराच्या गुंडाळ्या. आळीतली बहुतेक घरं आता दुसऱ्यांची आहेत. पण एका ओट्यावरच्या बाईंनी, त्या ज्यू नव्हत्या, आमच्यातल्या आजींना नावानिशी ओळखलं आणि आधी सगळ्यांना पाणी दिलं, मग विचारपूस. खंडाळ्याला, अलिबागजवळच्या खंडाळे गावात, तो खडक आहे जिथून एलियाचा रथ स्वर्गाला गेला अशी श्रद्धा आहे. दगडावर घोड्याच्या टापा आणि चाकाच्या खुणा दाखवतात. झाडांचा नववर्षदिन, तू बिश्वात, त्याला इकडे एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणतात आणि त्या सुमाराला इथे गर्दी होते. पुढे नवगाव. जहाज फुटलं ती जागा, बुडालेल्यांच्या समाध्या, एक स्मारकस्तंभ. पुरुषांना एका उंचवट्याखाली आणि बायकांना दुसऱ्याखाली पुरलं, असं सांगतात. मागे समुद्र. तिथे वर्ग असा काही झालाच नाही. कुणीतरी शेमा म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी डोळ्यांवर उजवा हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये एका गृहस्थांशी माझा वाद झाला. ते या कार्यक्रमाचं बरंच काम करतात, मनापासून करतात, म्हणून मला त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. ते म्हणाले, “बाई, तुमचं कीर्तन छान आहे. पण आमच्या पोरांना हिब्रू हवी. तिकडे गेली तर उपयोगी पडेल. मराठी त्यांना येते तेवढी पुरे.” त्यांचं गणित खरं आहे. १९५० च्या आसपास देशात वीसेक हजार बेने इस्राएल होते. आता महाराष्ट्रात काही हजारच उरलेत. बाकीचे बहुतेक इस्राएलमध्ये गेले. तिथे गेल्यावरही सुरुवातीला त्यांना आपण पूर्ण ज्यू आहोत हे लढून पटवून द्यावं लागलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं कौल दिला, तोवर लग्नासाठीसुद्धा अडवणूक झाली होती. ज्यांनी ते सोसलं त्यांच्या घरात ‘आधी हिब्रू’ हे वाक्य का येतं ते मला कळतं.

तरीही मी त्यांना जे म्हटलं ते आजही म्हणेन. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या समाजाला हिब्रूपर्यंत जायला मराठी ही शिडी लागली. विल्सनचं व्याकरण मराठीतून, राजपूरकरांच्या प्रार्थना मराठीतून, पुण्याची हग्गादा मराठीतून, कीर्तन मराठीतून. हिब्रू आज मोबाइलवरही शिकता येते. पण साकीत बसवलेला याकोबाचा शोक जगात दुसऱ्या कुठल्या ज्यूंकडे नाही. तो हरवला तर तो पुन्हा कुठूनही आणता येणार नाही, यरुशलेमहूनही नाही. आणि खरं सांगायचं तर हे मी त्यांच्यासाठी जेवढं बोलले तेवढंच माझ्यासाठीही. तो आपल्या मराठीचाही ठेवा आहे. वाङ्मयाचा इतिहास शिकवताना मी संतांचं, पंतांचं, तंतांचं सांगितलं, मिशनऱ्यांचंही सांगितलं. बेने इस्राएलांच्या कीर्तनाबद्दल माझ्या वर्गात एकदाही बोलले नाही, कारण मला कुणी शिकवलं नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ते गृहस्थ गप्प झाले. पेण आल्यावर त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. पुढच्या रविवारी ते आपल्या आईनं जपलेली दोन छापील कीर्तनं घेऊन आले, पिवळी पडलेली, टाचण गंजलेली. म्हणाले, “माळ्यावर होती.”

इस्राएलमध्येही मराठी पुरती गेलेली नाही. तिकडच्या बेने इस्राएलांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. मावशींच्या धाकट्या बहिणीकडे त्याचे अंक आहेत. ही बहीण दिमोनाला असते, वाळवंटातल्या गावात. साठच्या दशकात गेली. लहानपणी ती वडिलांच्या कीर्तनात मागे उभी राहून ध्रुपद धरायची. मावशींचं तेव्हा लग्न झालेलं, त्यामुळे चाली खऱ्या ठाऊक आहेत त्या बहिणीलाच.

हनुक्काच्या सुमाराला तोरावाचनात योसेफाचीच कथा चालू असते. म्हणून ठरलं, की दिव्यांच्या त्या आठवड्यात वहीतलं आख्यान उभं करायचं. सगळं नाही, भाऊ झगा घेऊन घरी येतात तिथपासून याकोबाच्या शोकापर्यंत. अकरावीतल्या मुलीनं, मावशींच्या नातीनं, पद घेतलं, तिच्या मामेभावानं पेटी, आणि निरूपण आधी मी लिहून द्यावं असं म्हणत होते. मी नाही दिलं. तिनंच लिहिलं, ‘जाहला’, ‘वदला’, ‘तयासी’ असे शब्द अडले तिथे मला विचारत. एका जागी पणजोबांनी लिहिलं होतं, की म्हातारा झगा उराशी धरून ‘उगाच’ बसला. तिला वाटलं उगाच म्हणजे कारण नसताना. मी सांगितलं, जुन्या मराठीत उगा म्हणजे गप्प, निश्चल. ‘उगी उगी’ म्हणतो ना बाळाला, तेच. ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तो रडतसुद्धा नाही.”

“पुढच्या ओळीत रडतो,” मी म्हटलं. “इथे नाही.”

साकीची चाल मात्र बसेना. लाल शाईत लिहिलेलं नाट्यपद आम्ही शोधून ऐकलं, पण शेवटच्या चरणात शब्द उरत होते. शेवटी मावशींनी दिमोनाला फोन लावला. आमच्याकडे संध्याकाळचे सहा, तिकडे दुपार. पडद्यावर आधी छत दिसलं, मग कपाळ, मग पांढऱ्या केसांचा चेहरा नीट आला. तिच्या मागून कुणीतरी हिब्रूत काही विचारलं, तिनं हिब्रूतच “थांब” म्हटलं असावं, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “काय गं, कुठं अडलंय?”

नातीनं वही कॅमेऱ्यापुढे धरली. तिकडून उत्तर आलं, “वाचून नको दाखवू. मला दिसत नाही ते. म्हण.”

ती म्हणाली. दोन चरण नीट गेले, तिसऱ्यात पेटी पुढे निघून गेली. पडद्यावरच्या बाईंनी हात वर केला. डोळे मिटले. पहिल्यांदा नुसतं गुणगुणलं, मग आवाज उघडला, थरथरता पण सुरात, आणि ज्या शब्दावर आम्ही घाई करत होतो त्या ‘उगाच’वर ती एवढी थांबली की मावशींनी माझा हात धरला.

“इथं श्वास घ्यायचा,” ती म्हणाली. “बाबा इथं थांबायचे. बायकांकडे बघायचे. मग खाली यायचं, हळूहळू. परत म्हण.”